कवायती पलटणींचा धडा



पुसदच्या शाळेंत मी इतिहास शिकवीत असें. अडगांवच्या लढाईचा धडा निघाला कीं एखादा मुलगा हमखास विचारी, "गुरुजी, मराठ्यांना कवायत येत नव्हती म्हणून ते हरले काय?" अडगांव आमच्याच वऱ्हाडांतलें, तेव्हां हा प्रश्न आम्हांस जिव्हाळ्याचा. त्याचें उत्तर आज देतों.

कवायत येत होती, आणि उत्तम येत होती. १७८४ सालीं महादजी शिंद्यांनीं सॅव्हॉय प्रांतांतील डी बॉयन या सेनानीस चाकरीस ठेविलें. त्यानें दोन पलटणींपासून आरंभ केला. ठेक्यावर पावलें टाकणें, रांग न मोडतां बंदूक भरणें, हुकूम होईपर्यंत बार राखणें, घोडदळ अंगावर आल्यास चौकोन बांधून संगिनी रोखणें, हें शिपायांकडून घोटवून घेतलें जाई. शिवाय पगार वेळेवर मिळे; त्यासाठीं दुआबांतील मुलूख तोडून दिलेला होता. उपाशी शिपाई शिस्त पाळीत नाहीं, हें महादजी जाणून होते. फळ लवकरच दिसलें. १७९० सालीं मेडत्याच्या रणांत राठोडांचें नामांकित घोडदळ या पायदळाच्या चौकोनावर आदळून मागें फिरलें.

मग १८०३ मध्यें काय झालें? २३ सप्टेंबरला असई येथें याच पठडीच्या पलटणींनीं व तोफांनीं आर्थर वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मारले वा घायाळ केले. परंतु शिपाई आपले, तरी वरचे अधिकारी बहुतेक युरोपियन. कंपनी सरकारनें जाहीरनामा काढून त्यांस फोडलें. उत्तरेंत मुख्य सेनानी पेराँ हाच इंग्रजांच्या आश्रयास गेला. तरीही १ नोव्हेंबरला लासवारीस, नायक सोडून गेलेल्या त्या पलटणी अशा झुंजल्या कीं प्रत्यक्ष शत्रुसेनापति लेक यानें त्यांच्या शौर्याची साक्ष दिली. २९ नोव्हेंबरला अडगांवीं पराभव झाला; १५ डिसेंबरला गाविलगड पडला.

आयुष्यभर खडू झिजविलेल्या माझ्यासारख्यास यांत एकच उणीव दिसते. विद्यार्थी तयार झाले, पण त्यांतून गुरु तयार झाले नाहींत. शिकविणारा निघून जातांच शाळा ओस पडली. १९३२ सालीं डेहराडूनला लष्करी विद्यालय निघालें, आणि हिंदी तरुणांना स्वदेशांतच अधिकारपदाचें नियमित शिक्षण मिळूं लागलें. त्या उणिवेवरचा खरा उपाय तोच होता.

म्हणून त्या मुलास मी सांगत असें, "बाळ, कवायत उसनी आणतां येते, ती शिकविणारा मात्र आपल्याच घरांत घडवावा लागतो."