अंगठेबहाद्दर

निरक्षर माणसाला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. परंतु सहीपेक्षा अंगठा अधिक भरवशाचा, हे स्कॉटलंड यार्डला पटवून दिले ते आपल्याच देशातील एका कचेरीने!

1858 साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नामक कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने करार नाकारू नये, एवढाच त्यात हेतू. गुन्हेगार ओळखण्यासाठी मात्र पॅरिसच्या बेर्तियाँची पद्धत रूढ झाली. तीत डोके, हात, पाय यांची मापे घेत; पण मोजणारा बदलला की माप बदले. ठसा बदलत नसे. पण हजारो ठशांतून हवा तो हुडकायचा कसा?

हे कोडे कलकत्त्यास सुटले. पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझीझुल हक हे गणिती बुद्धीचे गृहस्थ होते. त्यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या कल्पिल्या. कोणत्या बोटावर चक्र आहे, कोणत्यावर नाही, यावरून आकडे मांडले आणि 32 गुणिले 32, म्हणजे 1024 खणांत सारे ठसे बसवले! त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनीही या कामी मोठे श्रम घेतले. 1897 साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. 1901 साली लंडनने ती पद्धत उचलली. हक पुढे खानबहादूर झाले, बोस रायबहादूर. पद्धतीला नाव मात्र साहेबांचे. हकांचा वाटा मोठा होता, हे हेन्रींनी मागाहून लेखी मान्य केले, एवढेच समाधान.

या विद्येची कसोटी 1898 साली लागली. जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानातील बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या बोटाचा डाग होता. तो कांगाली चरण या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. पूर्वी चोरीची शिक्षा झाली असल्याने त्याचा ठसा दप्तरी होताच. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले; खुनाच्या आरोपातून मात्र सोडले. अंगठा तेथे टेकला होता, हे सिद्ध झाले. सुरी कोणी चालवली, हे पाहणारा कोणी नव्हता.

2022 पासून देशभरचे ठसे एका संगणकी भांडारात शोधता येतात. खणांचे काम यंत्र करू लागले. बोट कोणाचे, हे ते चटकन सांगेल. त्या बोटाने काय केले, हे ठरवण्याचे ओझे मात्र जलपायगुडीच्या त्या न्यायासनाप्रमाणे आजही माणसाच्याच शिरावर आहे.