गोल्फ डिस्कचा उड्डाणमार्ग आणि फेकीचा वेग

गोल्फ डिस्क म्हणजे डिस्क गोल्फ या खेळात वापरली जाणारी प्लास्टिकची चकती होय. हातातून सुटताना चकतीला मिळालेला वेग हा तिचा उड्डाणमार्ग ठरवणारा एक प्रमुख घटक आहे. चकती किती दूर जाईल एवढेच नव्हे, तर ती केव्हा, कोणत्या बाजूला आणि किती वळेल हेही बऱ्याच अंशी वेगावर अवलंबून असते. उजव्या हाताने बॅकहँड पद्धतीने जोरात व सपाट फेकलेली चकती आरंभी किंचित उजवीकडे झुकते आणि वेग मंदावल्यावर डावीकडे वळून खाली येते. यांतील पहिल्या वळणास *टर्न* व दुसऱ्यास *फेड* म्हणतात. दोन्ही वळणे मिळून वरून पाहता ताणलेल्या नागमोडी रेषेसारखा मार्ग तयार होतो. या लेखातील सर्व दिशा अशा फेकीसाठी, म्हणजे वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणाऱ्या चकतीसाठी आहेत; चकती उलट फिरत असल्यास दिशाही उलट होतात.

चकतीची रचना

डिस्क गोल्फची जागतिक नियामक संस्था असलेल्या प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशनच्या नियमांनुसार चकतीचा व्यास किमान २१ सेंटिमीटर असावा लागतो आणि वजन २०० ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. प्रत्यक्षात बहुतेक चकत्या १५० ते १८० ग्रॅम वजनाच्या असतात. ड्रायव्हर, मिडरेंज आणि पटर हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. ड्रायव्हरची कड रुंद व धारदार असते, त्यामुळे हवेचा रोध कमी होतो. पटरची कड अरुंद व बोथट असून ती कमी वेगातही सरळ जाते.

वेग आणि आघातकोन

उडणाऱ्या चकतीवर तिचे वजन, तिला वर उचलणारे उत्थापक बल आणि गतीला विरोध करणारा हवेचा रोध अशी तीन बले कार्य करतात. चकतीची पातळी समोरून येणाऱ्या हवेशी जो कोन करते, त्यास आघातकोन म्हणतात. हा कोन कायम असल्यास उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग सेकंदाला ३० मीटरवरून १५ मीटरवर आला, तर उत्थापक बल एक चतुर्थांश उरते.

चकतीचे वजन मात्र तेवढेच राहते. वेगवान चकतीला अगदी लहान आघातकोनातही पुरेसा आधार मिळतो. वेग कमी झाल्यावर आधार अपुरा पडून चकती खाली येऊ लागते, हवा तिच्या खालच्या बाजूने येऊन भिडते आणि आघातकोन वाढतो. वेगाचा दिशेवर होणारा परिणाम मुख्यतः या बदलातून घडतो.

वळण कसे घडते

हवेने दिलेले बल ज्या बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, त्यास दाबकेंद्र म्हणतात. आघातकोन लहान असताना हे केंद्र चकतीच्या गुरुत्वमध्याच्या मागे असते, त्यामुळे पुढची कड खाली दाबणारे परिबल निर्माण होते. आघातकोन वाढला की केंद्र पुढे सरकते आणि परिबल पुढची कड वर उचलू पाहते.

चकती फिरत नसती, तर ती यामुळे कोलांटी खाऊन पडली असती. फिरणारी चकती मात्र घूर्णीप्रमाणे वागते. तिच्यावरील परिबलाचा परिणाम त्याच दिशेने न होता काटकोनात होतो. यास परांचन म्हणतात. त्यामुळे पुढची कड खाली दाबली गेली की चकती उजवीकडे कलते आणि वर उचलली गेली की डावीकडे कलते. चकती कलली की उत्थापक बलही त्या बाजूला झुकते व मार्ग वळतो.

क्रिकेटमधील फिरकी चेंडू हवेत बाजूला सरकतो तो मॅग्नस परिणामामुळे. चकतीचे वळण मुख्यतः त्यामुळे घडत नाही. फिरण्याची दिशा संपूर्ण उड्डाणात तीच राहूनही चकती आधी एका व नंतर दुसऱ्या बाजूला वळते, यावरूनही हे लक्षात येते.

फिरकीची भूमिका

चकती कलण्याची गती परिबलाच्या सम प्रमाणात आणि फिरकीच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून वेग समान असल्यास जास्त फिरकी असलेली चकती कमी वळते. उड्डाणात पुढे जाण्याचा वेग लवकर घटतो, तर फिरकी तुलनेने हळू कमी होते.

उड्डाणांक

चकतीच्या वर्तनाची कल्पना यावी म्हणून इनोव्हा या अमेरिकी कंपनीने रूढ केलेल्या पद्धतीत तिला स्पीड, ग्लाइड, टर्न व फेड असे चार अंक दिले जातात. उदाहरणार्थ, डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरचे अंक १२, ५, −१, ३ आहेत, तर ॲव्हियार या पटरचे २, ३, ०, १ आहेत. टर्नचा अंक जितका ऋण, तितकी चकती वेगात असताना उजवीकडे जास्त वळते.

स्पीडचा अंक चकती स्वतःहून किती वेगाने जाईल हे सांगत नाही. तिचे अपेक्षित उड्डाण घडण्यासाठी ती साधारण किती वेगाने फेकली जावी, हे तो सुचवतो. अन्य तीन अंक त्या वेगालाच लागू पडतात. त्याहून हळू फेकलेली चकती टर्न न दाखवता लवकर डावीकडे वळून पडते. फार जोरात फेकलेली चकती उजवीकडे कलंडते आणि परत न वळता जमिनीवर येऊ शकते.

वारा आणि हवेची घनता

चकतीच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो हवेच्या सापेक्ष वेग. समोरून वारा असल्यास हा वेग वाढतो आणि टर्न जास्त होतो. वारा पाठीमागून असल्यास तो घटतो, टर्न कमी होतो व फेड लवकर सुरू होतो. तरीही पुरेशा उंचीवर गेलेल्या चकतीला मागचा वारा पुढे वाहून नेतो. डेव्हिड विगिन्स ज्युनियर यांनी २०१६ साली अमेरिकेतील नेव्हाडा राज्याच्या वाळवंटात अशाच अनुकूल वाऱ्यात ३३८ मीटरांची विक्रमी फेक केली. उंच प्रदेशात हवा विरळ असल्याने हवेची बले कमी होतात आणि चकती कमी वेगाने फेकल्याप्रमाणे वागते.

नवशिक्या खेळाडूंसाठी महत्त्व

जास्त स्पीड असलेली चकती अधिक दूर जाईल, असा समज नवशिक्यांमध्ये आढळतो. पुरेसा वेग न मिळाल्यास अशी चकती मोठ्या आघातकोनात उडते, रोध वाढतो आणि ती डावीकडे जवळच पडते. अंतर वाढवण्यासाठी पुढची कड उचलून फेकल्यास आघातकोन आरंभापासूनच मोठा राहतो व दोष अधिक वाढतो. म्हणून सुरुवातीस पटर किंवा मिडरेंज चकतीने सराव करण्याचा सल्ला दिला जातो. त्यांना कमी वेग पुरत असल्याने फेकीतील सुधारणा उड्डाणात लगेच दिसून येते.

हे सुद्धा पहा

फ्रिस्बी • घूर्णी • मॅग्नस परिणाम