चेक वटतो म्हणजे नेमकं काय होतं?

मंडळी, २०१६ च्या डिसेंबरातली गोष्ट आहे. नोटाबंदी होऊन महिना झाला होता. आमच्या तात्यांनी कांदा विकला आणि व्यापाऱ्यानं रोखीऐवजी चाळीस हजारांचा चेक हातात ठेवला. १४ नोव्हेंबरलाच रिझर्व्ह बँकेनं जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली होती, आणि गावातल्या बहुतेकांची खाती जिल्हा बँकेतच. चेक भरला तरी रोकड कधी मिळेल कुणालाच सांगता येईना. तात्यांना मजुरांचे पैसे त्याच आठवड्यात द्यायचे होते. शेवटी गावातल्याच एकानं चेक ठेवून घेतला. "तात्या, थांबताय का आत्ताच घेताय? आत्ता घ्यायचे तर शेकडा तीन." बाराशे रुपये कापून बाकीचे मोजून दिले. बेअरर चेक होता, त्यावर दोन आडव्या रेघा मारलेल्या नव्हत्या, म्हणून तेवढं तरी जमलं.

तात्या त्याला लुटारू म्हणाले. मला मात्र तेव्हापासून या धंद्याचा इतिहास शोधायचा नाद लागला, कारण हा धंदा फार जुना आहे आणि आपल्या भाषेतच बसलेला आहे. चेक 'वटतो' असं आपण म्हणतो. जुन्या मराठीत नाणं बदलून देताना सराफ जी रक्कम कापायचा ती वटणावळ, आणि मुदतीआधी पैसे देताना कापायची ती वटाव. पेशवाईत रुपया एक नव्हताच. पुण्याकडं अंकुशी, आमच्या चांदवडच्या टाकसाळीतला चांदवडी, शिवाय इतर कितीतरी. एका गावचा रुपया दुसऱ्या गावात चालवायचा तर सराफाकडे जा आणि बट्टा सोसा. १८३५ ला कंपनी सरकारनं एकच रुपया आणला, तशी सराफांची ही कमाई आटत गेली.

हुंडीचं काम मात्र सुरूच राहिलं. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे, मुदती हुंडीचे ठरल्या मुदतीनं. मुदतीआधी पैसे पाहिजेत? सराफ हुंडी घ्यायचा, उरलेल्या दिवसांचा वटाव कापायचा आणि रोकड द्यायचा. मुदत भरली की तो स्वतः वसुली करायचा. हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघायची, तिला पेठ म्हणत. पैसे देऊन झालेली हुंडी म्हणजे खोका. (आजच्या राजकारणातल्या खोक्यांशी संबंध जोडू नका!) इंग्रजांनी १८८१ ला चेक-हुंडीचा कायदा केला, पण देशी भाषेतल्या हुंडीचे रिवाज पहिल्याच कलमात राखून ठेवले. सराफांच्या पद्धतीला हात लावायची त्यांचीही तयारी नव्हती.

हे आपल्याकडचंच मागासलेपण असं कुणाला वाटत असेल तर शिकागो बघा. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या. कारखाने पगार चेकनं देत, आणि मजुराच्या वस्तीतली बँकच बंद! मग कोपऱ्याकोपऱ्यावर चेक वटवून देणारी दुकानं निघाली. पद्धत साधी. दुकानदार ओळखपत्र बघतो, चेक कुठल्या मालकाचा ते बघतो, आपली फी कापून रोकड देतो आणि चेक स्वतःच्या खात्यात भरतो. पगाराच्या किंवा सरकारी चेकला फी कमी, कारण तो बुडायची भीती कमी. खाजगी माणसाचा चेक असला तर जास्त, नाहीतर सरळ नकार. चेक परत आला तर पहिला फटका दुकानदारालाच.

तिथल्या सरकारनं ही दुकानं बंद पाडली नाहीत. इलिनॉय राज्यानं १९४३ ला कायदा करून त्यांना परवाना सक्तीचा केला, पुढं फीवरही मर्यादा आली. दर पाटीवर लावलेला असतो. आपल्याकडं तात्यांचे बाराशे कुठल्या पाटीवर होते? दर होता तो समोरच्याची नड बघून ठरलेला. आणि चेक बुडवणाऱ्यासाठी कलम १३८ आहे, १ एप्रिल १९८९ पासून लागू, तुरुंगाची तरतूद आहे. पण चाळीस हजारांसाठी तारखांवर तारखा घ्यायला पिंपळगाव सोडून कोण जातं राव? ज्याला परवडतं तो जातो, बाकीचे शेकडा तीन देतात.

ऑक्टोबर २०२५ पासून बँकेत भरलेला चेक त्याच दिवशी वटायची सोय झाली आहे. चांगलंच झालं. पण व्यापाऱ्यानं पुढची तारीख टाकून दिलेल्या चेकला त्याचा काय उपयोग? तो चेक घेऊन शेतकरी अजूनही त्याच माणसाच्या ओट्यावर जातो.

२०१६ ला तुमच्या भागात शेकडा किती कापत होते? आणि आत्ता किती कापतात? नावं नकोत, फक्त तालुका आणि दर खाली लिहा.