एब्रम्स, मायर हॉवर्ड
(२३ जुलै १९१२–२१ एप्रिल २०१५). अमेरिकन साहित्यसमीक्षक व इंग्रजी स्वच्छंदतावादी काव्याचा थोर अभ्यासक. न्यू जर्सी राज्यातील लाँग ब्रँच येथे एका ज्यू कुटुंबात जन्मला. हार्व्हर्ड विद्यापीठाची पदवी घेतल्यावर (१९३४) त्याने केंब्रिज येथे आय्. ए. रिचर्ड्‌सच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन केले व पुढे हार्व्हर्डची पीएच्‌.डी. मिळविली (१९४०). १९४५ पासून तो कॉर्नेल विद्यापीठात इंग्रजीचा प्राध्यापक होता. समीक्षक हॅरल्ड ब्लूम हा त्याचा तेथील विद्यार्थी.

एब्रम्सच्या उमेदीच्या काळात स्वच्छंदतावादी कवींची प्रतिष्ठा उतरणीस लागली होती. टी. एस. एलियटचा प्रभाव आणि नवसमीक्षेचा प्रसार ह्यांमुळे हे कवी भावविवश व शिथिल ठरू लागले होते. एब्रम्सने त्यांची बाजू विचारांच्या इतिहासाच्या आधारे मांडली. *द मिरर अँड द लँप* (१९५३) ह्या ग्रंथात त्याने विश्व, रसिक, कलावंत व कलाकृती ह्या चार घटकांच्या संदर्भात साहित्यसिद्धांतांचे वर्गीकरण केले. कविमन म्हणजे बाह्य जग प्रतिबिंबित करणारा आरसा, ह्या जुन्या कल्पनेच्या जागी स्वतःच्या प्रकाशाने जग उजळणारा दिवा ही कल्पना कशी आली, हे त्यात दाखविले आहे. *नॅचरल सुपरनॅचरलिझम* (१९७१) मध्ये स्वर्ग, पतन व उद्धार ही बायबलमधील कल्पनासूत्रे वर्ड्‌स्वर्थ व त्याच्या समकालीनांनी मन आणि निसर्ग ह्यांच्या मीलनाच्या रूपाने कशी पुनर्घटित केली, ह्याचे विवेचन आहे. बायरनचा उपरोध ह्या मांडणीत बसत नसल्याने त्याला ह्या ग्रंथात जवळजवळ स्थान नाही. ही त्याची मर्यादा होय.

ह्याच ग्रंथावरून जे. हिलिस मिलर ह्या समीक्षकाशी त्याचा वाद झाला. संहितेला निश्चित अर्थ नसतो, हे विरचनावाद्यांचे मत मान्य केल्यास साहित्याचा इतिहास लिहिणेच अशक्य होईल; शिवाय आपले म्हणणे वाचकांस कळेल, असे विरचनावादीही गृहीत धरतातच, असा युक्तिवाद एब्रम्सने ‘द डीकन्स्ट्रक्टिव्ह एंजल’ (१९७७) ह्या निबंधात केला.

*अ ग्लॉसरी ऑफ लिटररी टर्म्स* (१९५७) हा त्याचा परिभाषाकोश आणि *द नॉर्टन अँथॉलॉजी ऑफ इंग्लिश लिटरेचर* (१९६२) हे त्याच्या प्रमुख संपादकत्वाखालील संकलन विद्यार्थ्यांत विशेष रूढ झाले. २०१३ चे अमेरिकेचे राष्ट्रीय मानव्यविद्या पदक त्याला देण्यात आले. इथाका येथे तो निधन पावला. स्वच्छंदतावादी काव्य ही केवळ भावनांची उधळण नसून एक गंभीर वैचारिक घटना आहे, ही जाणीव इंग्रजी समीक्षेत दृढ करण्यात त्याचा वाटा मोठा आहे.