फुटबॉलच्या मास्तरांचा पगार

हातकणंगले तालुक्यातल्या पेठ वडगावातून कोल्हापूरचे शाहू स्टेडियम गाठायचे तर शिरोलीचा पूल ओलांडून वीसेक किलोमीटर यावे लागते. अंतर किरकोळ आहे, पण फुटबॉलच्या हिशेबात हे दोन वेगळे मुलूख आहेत. वडगाव ही जुनी बाजारपेठ, सेनापती धनाजी जाधवांच्या समाधीचे गाव, आणि भोवतालचे वारणा खोरे कुस्तीचे. फुटबॉल वाढला तो नदीपलीकडे, मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठेच्या गल्ल्यांत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या अंगाखांद्यावर. वडगावच्या एखाद्या पोराला खेळाची उत्तम जाण आहे, पण पैसे घेऊन तो कधी खेळलेला नाही आणि त्याला एखाद्या संघाचा प्रशिक्षक व्हायचे आहे, असे समजा. त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: तू कुठे खेळलास? हा प्रश्न जणू खेळाइतकाच जुना आहे, अशा थाटात विचारला जातो. आपल्याकडच्या फुटबॉलचा इतिहास पाहिला तर ही अट फार अलीकडची आहे, असे दिसते. आणि ज्या काळात खेळाडूच पुढे प्रशिक्षक होत, त्या काळातही त्यांना त्या जागी नेणारी गोष्ट खेळापेक्षा वेगळी होती. ती होती नोकरी, महिन्याचा पगार आणि त्या पगाराच्या जोरावर मोकळी मिळणारी संध्याकाळ.

या म्हणण्यावर कोल्हापुरात पहिला आक्षेप तालमीकडूनच येईल, आणि तो हलका नाही. इथल्या फुटबॉल संघांनी तालमींची नुसती नावे घेतली नाहीत, वस्तादाची कल्पनाही घेतली. लाल मातीत ज्याने अंग झिजवले त्यानेच पट्ठ्याला डाव द्यावा, हा तिथला रिवाज. कुस्तीपुरता तो बरोबरही आहे, कारण तिथले ज्ञान हाताच्या पकडीत असते आणि वस्ताद स्वतः लढत घेऊन ते देतो. फुटबॉलमध्ये मात्र प्रशिक्षकाला अकरा जणांमधली अंतरे वाचावी लागतात, आणि ती मैदानाबाहेरून अधिक स्वच्छ दिसतात. पण मुद्दा एवढ्यावर सोडवून चालणार नाही, कारण वस्तादाच्या परंपरेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपण क्वचितच पाहतो. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना खुराक दिला, आश्रय दिला, 1912 साली खासबागेचे मैदान उभे केले. पैलवानाच्या पोटाची सोय झाली म्हणून तो कुस्तीत टिकला, आणि टिकला म्हणून पुढे वस्ताद झाला. दरबारचा आश्रय नसता तर डाव जाणणारी कितीतरी माणसे शेतात आणि हमालीत विरून गेली असती, आणि त्यांच्याकडून कोणी काही शिकले नसते.

फुटबॉलमध्ये दरबाराची जागा कचेरीने घेतली. मुंबईत रोव्हर्स कप 1891 पासून खेळला जाऊ लागला. आधी लष्करी पलटणींचा असलेला हा खेळ स्वातंत्र्यानंतर गिरण्या, रेल्वे, पोलीस, बँका आणि सरकारी कंपन्या यांचा झाला. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, सेंट्रल रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र ही त्या काळच्या संघांची नावेच पाहा, प्रत्येकामागे एक हजेरीपट उभा आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली ती 1996 च्या डिसेंबरात. त्याआधी केवळ खेळावर घर चालवणारा खेळाडू महाराष्ट्रात जवळपास नव्हता, त्यामुळे ‘व्यावसायिक कारकीर्द’ ही अट कोणाला घालणार? चांगला खेळणाऱ्याला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागे. पाय थकले की तो टेबलावर बसे आणि पाच वाजता सुटून पोरांना शिकवायला मैदानावर जाई. हे शिकवणे बहुधा फुकट असे. ते परवडे, कारण पगार दुसरीकडून येत होता. माजी खेळाडूच प्रशिक्षक का झाले, याचे माझ्या मते सर्वांत सरळ उत्तर हे आहे. खेळामुळे त्यांना दृष्टी आली असेल, नसेल. नोकरी मात्र नक्की आली.

हीच नोकरी खेळाच्या कोट्याबाहेरून मिळाली तेव्हा काय झाले, याचा सर्वांत मोठा दाखला हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. त्या वेळी मराठवाडाही ज्या संस्थानात होता, त्या संस्थानाच्या राजधानीतले ते शाळामास्तर. स्थानिक संघांतून हौशी फुटबॉल खेळलेले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतलेले. त्यांनी घडवलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. त्यांच्या हाताखाली भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकले आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. भारतीय फुटबॉलला त्यानंतर ही उंची पुन्हा गाठता आलेली नाही. रहीम थोडेफार खेळले होतेच ना, असे कोणी म्हणेल. खेळले होते, आणि वडगावचा पोरही खेळलेला असेलच. खेळाला कधी पाय न लावलेल्या माणसाची बाजू इथे कोणी मांडत नाही. प्रश्न आहे तो मोठ्या, पगारी, नावाजलेल्या कारकिर्दीचा, आणि ती रहीम यांच्याकडे नव्हती. त्यांच्याकडे वर्गात पन्नास मुलांना सांभाळायची सवय होती, शिकवायचे टप्पे पाडायची शिस्त होती आणि मास्तरकीचा पगार होता.

मुंबईच्या वाचकाला हेच क्रिकेटमधून अधिक जवळचे वाटेल. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, स्टेट बँकेच्या संघातून, 1963-64 च्या मोसमात, हैदराबादविरुद्ध मोईन-उद-दौला स्पर्धेत. शिवाजी पार्कवर त्यांनी जे उभे केले त्याला त्या एका सामन्याचा आधार फारच तोकडा होता. स्टेट बँकेच्या नोकरीचा आधार मात्र भक्कम होता. 1990 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांची स्वतःची धावसंख्या कोणी विचारली नाही. बाहेरच्या जगातही हे घडले आहे. वडिलांच्या चपलांच्या कारखान्यात काम केलेल्या आरिगो साक्की यांनी मिलान संघाला 1989 आणि 1990 असे लागोपाठ दोनदा युरोपचा चषक मिळवून दिला, आणि 1994 मध्ये ब्राझीलला विश्वचषक जिंकून देणारे कार्लोस अल्बर्टो परेरा शारीरिक शिक्षणाच्या वाटेने आले होते. जगातले बहुतेक मोठे प्रशिक्षक माजी खेळाडू आहेत, हेही खरे. पण ज्या दारातून नव्वद टक्के खेळाडूंनाच आत घेतले जाते, त्या दाराआड खेळाडूच जास्त दिसणार. त्यावरून बाहेर राहिलेल्यांची कुवत ठरत नाही.

आता 1996 नंतरचे पाहू, कारण गाठ खरी तिथे बसली. लीग आली, मग 2007 मध्ये आय-लीग, 2014 मध्ये इंडियन सुपर लीग. क्लबांसाठी परवान्याचे निकष आले, आणि नोकरीवर उभे असलेले संघ त्या निकषांत बसेनात. महिंद्रने 2010 मध्ये आपला संघ बंद केला. एअर इंडिया आणि ओएनजीसी यांना 2013 मध्ये आय-लीगबाहेर जावे लागले. क्लब क्लबासारखा चालावा ही मागणी योग्य होती, याबद्दल मला शंका नाही. पण जुन्या व्यवस्थेतून जो पगार झिरपत प्रशिक्षकापर्यंत पोहोचत होता, त्याची जागा कोण भरणार, हे कोणी पाहिले नाही. नव्या क्लबांनी ती भरावी अशी अपेक्षा होती. कोल्हापूरला सर्वांत जवळचे मोठे केंद्र पुणे. तिथे पुणे एफसी आणि भारत एफसी 2015 मध्ये, डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये आणि एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपले. चार वर्षांत चार क्लब. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुलाने व्यावसायिक कारकीर्द करायची ती कुठे? जी गोष्ट राज्याने पुरवलीच नाही ती प्रशिक्षकपदाची पात्रता म्हणून मागणे अन्यायाचे आहे, आणि कोल्हापूरच्या फुटबॉलला ते तोट्याचेही आहे.

त्यानंतर लवकरच मुंबईत या अटीच्या नेमके उलट उदाहरण घडले. डेस बकिंगहॅम हा इंग्लिश प्रशिक्षक 2021 च्या ऑक्टोबरात मुंबई सिटीकडे आला. व्यावसायिक सामना तो कधी खेळलेला नव्हता. एप्रिल 2022 मध्ये त्याच्या संघाने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवले. त्या स्पर्धेत भारतीय क्लबाने जिंकलेला तो पहिला सामना. 2022-23 ची लीग शील्डही त्यांनी घेतली. पुढे तो ऑक्सफर्ड युनायटेडकडे परतला आणि 2024 च्या मेमध्ये वेम्बलीवर जिंकून त्या संघाला वरच्या विभागात नेले. मुंबई सिटीमागे मोठ्या आंतरराष्ट्रीय समूहाचा पैसा होता, खेळाडू तयार होते, हा आक्षेप मला मान्य आहे. शील्डचे सगळे श्रेय एका माणसाला देऊ नये. पण त्याची कहाणी शील्डपासून सुरूच होत नाही. ती सुरू होते ऑक्सफर्डच्या क्लबात, किशोरवयातल्या एका मुलाला लहान पोरांना शिकवण्याचे काम मिळाले तिथे. तिथून तो एकेक परवाना घेत, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया करत वर आला. त्याला वाट मिळाली कारण शिडीच्या तळाच्या पायऱ्यांवरही थोडे पैसे होते.

आपल्याकडे परवान्यांची शिडी आता कागदावर आहे: डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो. तळाच्या परवान्याला मोठ्या कारकिर्दीची अट नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची 1961 पासूनची वाट स्पर्धात्मक कामगिरी मागत आली; त्या मानाने हे दार रुंद आहे. म्हणजे वडगावच्या पोराला परवाना मिळू शकतो. पुढे काय? कोल्हापूरच्या तालीम संघांत प्रशिक्षक बहुधा त्याच पेठेचा जुना खेळाडू असतो. त्याला पोरे मानतात, त्याच्या शब्दाला गल्लीत वजन असते. ड्रेसिंग रूममधला मान हा या सगळ्या वादातला सर्वांत खरा आक्षेप आहे, आणि बाहेरगावच्या, न खेळलेल्या माणसाला तो पहिल्या दिवशी मिळणार नाही. पण मोठ्या संघाचा मान कमवायचा तो लहान संघातून. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना प्रशिक्षकाच्या जुन्या गोलांची माहितीही नसते. आपल्याला काल जमत नव्हते ते आज जमते का, एवढेच त्यांना कळते. वस्तादही असेच मान मिळवत आले, एकेक पट्ठा घडवून.

आणि नेमकी हीच जागा रिकामी आहे. पूर्वी ती शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या मास्तरांनी सांभाळली. मुंबई सरकारने 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली, तेव्हापासून अशा शिक्षकांच्या पिढ्या जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्या. पगार शाळेचा, संध्याकाळ मैदानाची, हाच तो जुना मेळ. आता अनुदानित शाळांत त्या जागा आटल्या आहेत, तासिकेवरच्या माणसाला दुसरी नोकरी शोधावी लागते आणि संध्याकाळी तो मैदानावर नसतो. जिथे सरकारने पगार दिला तिथे फळ दिसले आहे: 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव क्रीडा प्रबोधिनीतून पुढे गेला. पैसा नाही, असे कोल्हापुरात तरी म्हणता येणार नाही. मोसमात शाहू स्टेडियम तिकीट काढून भरते, पेठा वर्गणी काढतात, संघ परदेशी खेळाडूही आणतात. त्यातला एक हिस्सा प्रत्येक संघाने लहान गटाच्या एका परवानाधारक, पगारी प्रशिक्षकासाठी बाजूला काढावा, आणि त्या जागेसाठी पेठेची वा जुन्या जर्सीची अट नसावी, असा नियम कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला स्पर्धेच्या प्रवेशाशी जोडता येईल. तसे झाले तर वडगावच्या उमेदवाराला ‘तू कुठे खेळलास’ याऐवजी ‘तू कोणाला शिकवलेस’ असे विचारता येईल, आणि त्याच्यापाशी उत्तरही असेल.