साठ तासांची सेवा आणि खर्डीचे पाणी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचली आणि खर्डीचा डोंगरी मुलूख मुंबईच्या हाताशी आला. शहर इथे आधी आले ते पाण्यासाठी. तानसा धरण १८९२ चे. मग मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. त्याच लोहमार्गाने पुढे दुसरी एक वर्दळ सुरू झाली: कपडे, वह्या, चादरी घेऊन येणाऱ्या, श्रमदानाची शिबिरे भरवणाऱ्या विद्यार्थ्यांची. शहापूर तालुक्यात अशी शिबिरे करणाऱ्या संस्था सर्व प्रकारच्या आहेत. मला इथे कॅथलिक परंपरेचा माग काढायचा आहे, कारण विद्यार्थ्याने केलेली सेवा म्हणजे नेमके काय, यावर त्या परंपरेने स्वतःशीच मोठे भांडण केले आहे.

त्याचा उगम पॅरिसमध्ये सापडतो. १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम हा अवघ्या वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभेत धर्माची बाजू मांडत असे. तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, आज तुम्ही काय करता, असे प्रतिपक्षाने विचारले. उत्तर म्हणून ओझानाम आणि त्याचे मोजके मित्र गरिबांच्या घरी जाऊ लागले. कोणाकडे जायचे, काय न्यायचे हे त्यांना रोझाली रांद्यू या धर्मभगिनीने शिकवले. यातून उभी राहिलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आज मुंबई-वसईच्या अनेक धर्मग्रामांत काम करते. तिचा मूळ दंडक मला महत्त्वाचा वाटतो: मदत पाठवायची नाही, स्वतः जायचे, आणि पुन्हा जायचे. शाळांमध्ये या दंडकाचा पहिला अर्धा भाग टिकला. एकदा जाणे सोपे असते.

मुंबईत जेझुइटांचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ चे. (सेवेची कल्पना या शहरात केवळ मिशनऱ्यांनी आणली असे मात्र नाही, ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग १९११ मध्येच गिरणगावात उतरली होती.) स्वातंत्र्यानंतर सरकारनेही विद्यार्थ्यांना खेड्यांकडे वळवले. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ची, गांधी जन्मशताब्दी वर्षातली.

खरा हादरा बसला तो १९७३ मध्ये. जेझुइटांचे प्रमुख पेद्रो आरूपे स्पेनमधील वॅलेन्सिया येथे माजी विद्यार्थ्यांसमोर बोलायला उभे राहिले. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच टाकला आणि प्रामाणिक उत्तर 'नाही' असे दिले. श्रोत्यांत सुखवस्तू घरांतले बरेच होते. काही जण चिडले. चिडणारच. दानधर्म करणाऱ्याला न्यायाचा हिशेब विचारला की त्याचे पुण्यच संशयित ठरते.

झेवियर्सला २०१० मध्ये स्वायत्तता मिळाली. तिथे पदवीसाठी साठ तासांचे सामाजिक काम आवश्यक झाले. सक्तीची सेवा ही सेवा कशी, हा आक्षेप मला वरवरचा वाटतो. गणितही सक्तीचेच असते. माझी अडचण वेगळी आहे. तास मोजले की देणारा कोण आणि घेणारा कोण हे आधीच ठरून जाते. खर्डीच्या परिसरात ते ठरवता येत नाही. मुंबईच्या नळाला येणारे बरेचसे पाणी याच तालुक्यात अडवलेले असते आणि उन्हाळ्यात इथल्याच ठाकूर-कातकरी पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. वह्या घेऊन आलेली मुले सकाळी ज्या पाण्याने आंघोळ करून निघतात, ते बहुधा या धरणांतलेच असते. आरूपेंचा प्रश्न इथे विचारला तर तो धर्मशास्त्राचा राहत नाही, पाणीवाटपाचा होतो.

आरूपे वॅलेन्सियात बोलत होते, त्याच सुमारास महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळात होरपळून निघाला होता. अहमदनगर जिल्ह्यात काम करणारे स्विस जेझुइट हर्मन बाखर तिथे पाणी अडवण्याच्या कामाकडे वळले. पुढे त्यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह 'वॉटर' ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे तिच्या कामाचे प्रसिद्ध गाव. या कार्यक्रमाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. गावाने आधी चराई आणि वृक्षतोड थांबवायची, श्रमदान गावकऱ्यांनीच करायचे, आणि आपली जमीन तयार आहे हे दिसल्यावर बाहेरच्या पैशाला आत येऊ द्यायचे.