एकट्या माणसाचं छप्पर

बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकरला यादवकाळातली एक दगडी धर्मशाळा आहे. तिची बांधणी हेमाडपंती, खांबांवर पेललेली. इंग्रज अमदानीत जुन्या इमारतींची पाहणी करणाऱ्या हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मंदिरांवरच्या आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली आहे. देवळांच्या जोडीला धर्मशाळा मोजावी लागली, इतकी ती भक्कम. ज्याला रात्री टेकायला जागा नाही, त्याच्यासाठी सातशे-आठशे वर्षांपूर्वी आमच्या मुलखात कोणीतरी एवढा दगड घडवला. हिवरा आश्रम हे गाव याच मेहकर तालुक्यात. या भागात ग्रामसेवक म्हणून माझी नोकरी झाली. घरकुलाच्या याद्या लिहिता लिहिता एक गोष्ट मनात पक्की बसली: कुटुंबाला घर मिळवून देता येतं, एकट्या माणसाला नाही.

पूर्वी त्याची सोय होती. चक्रधरस्वामींचा मेहकर-लोणारचा वावर लीळाचरित्रात आहे. त्यांचा मुक्काम कुठल्या मढात, कुठल्या देवळात झाला, हे म्हाइंभटांनी त्यात बारकाईने टिपलं. घरदार नसलेल्या माणसाने देवळाच्या सोप्यात निजणं त्या काळी कोणाला वावगं वाटत नव्हतं. पुढे गावोगावी चावडी, मारुतीचा पार, मठ हीच निजायची ठिकाणं राहिली.

पण ही सोय सगळ्यांना सारखी नव्हती, हे लपवायचं कारण नाही. वारीला गेलेल्या महारांना पंढरपुरात पाठ टेकायला जागा मिळत नसे. म्हणून आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि 1949 मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. गाडगेबाबांनी नाशिकला धर्मशाळा बांधली, आळंदीला बांधली, मुंबईत इस्पितळातल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी बांधली. स्वतःसाठी खोपटही बांधलं नाही. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला तो प्रवासातच. बेघर माणसाला काय लागतं हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही: कोरडी जमीन, पाणी, आणि ‘तू कोण’ असं न विचारणारा दरवाजा.

सरकारी निवाऱ्याचा इतिहास वेगळा. इंग्रजांच्या दुष्काळ संहितेत खडी फोडायला न जाऊ शकणाऱ्या अशक्तांसाठी गरीबखान्यांची तरतूद होती. 1899-1900 चा दुष्काळ वऱ्हाडाने फार सोसला. म्हातारी माणसं विक्रम संवतावरून छप्पनचा दुष्काळ म्हणत, ती त्या सालची आठवण. दुष्काळ सरला की गरीबखानाही उठायचा. संकट असेपर्यंतच निवारा, हा सरकारी हिशेब तेव्हापासूनचा.

आमच्या घाटावर, म्हणजे जिल्ह्याच्या वरच्या पठारी भागात, एकट्या माणसाचं खरं छप्पर होतं ते सालदारकीचं. पाडव्याला साल ठरायचं. काही पोती ज्वारी, काही रोकड, कपड्याचा जोड, आणि निजायला बैलांचा कोठा. लग्न न झालेला, बायको वारलेला, भावांनी वाटणीतून काढलेला माणूस त्या कोठ्यात आयुष्य काढायचा. रात्री उठून बैलांना वैरण टाकायची, पहाटे शेण काढायचं. ती दया नव्हती, कामाचा मोबदला होता, आणि त्यात पिळवणूकही होती. आजारी पडला की मालकाचं तोंड फिरायचं. तरी डोक्यावर टिनं होती आणि दोन वेळची भाकर होती.

मग ट्रॅक्टर आले. सोयाबीन आलं, पेरणी-मळणी भाड्याने होऊ लागली. बैलजोडी विकली गेली, कोठा पाडून तिथे स्लॅबच्या खोल्या झाल्या. बैलांबरोबर माणसाचीही जागा गेली, पण त्याची नोंद कुठल्याच दप्तरात झाली नाही.

असा एक माणूस माझ्याकडे घरकुल मागायला आला होता. वय पन्नाशीच्या पुढचं, उभी हयात दुसऱ्याच्या कोठ्यात गेलेली. नमुना आठवर नाव नाही, गावठाणात हातभर जागा नाही, शिधापत्रिका भावाच्या कुटुंबात. नियमाची पानं मी चाळली. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, घर किमान 25 चौरस मीटरचं लागतं. जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे आहेत. कागदावर वाट होती. पण हप्ता बांधकाम चढेल तसा पडतो. जोतं स्वतः घालायचं, गवंडी स्वतः गाठायचा, वाळू उधार आणायची. मदतीला ना बायको, ना पोरगा. त्याने अर्जावर अंगठा दिला आणि पुढे तो हिवऱ्यातही दिसला नाही, मेहकरच्या स्टँडवरही नाही.

वृद्धाश्रम म्हणावा, तर साठी पुरी व्हावी लागते. संजय गांधी निराधार योजना 1980 पासून आहे. ती महिन्याचे पैसे देते, खोली देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये लाखामागे एक रात्रनिवारा बांधा म्हणून बजावलं, ते शहरांना. 2013 मध्ये आलेली निवाऱ्यांची केंद्रीय योजनाही नागरी अभियानातली. 2011 च्या जनगणनेत देशात 17 लाखांवर बेघर मोजले गेले, त्यातले 8 लाख 34 हजार खेड्यांतले. जवळजवळ निम्मे. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात पाचांतली चार माणसं खेड्यात राहतात. घाटाखाली मलकापूर, शेगावला निदान फलाट तरी आहे. घाटावर रेल्वेच नाही.

म्हणून ओझं पडतं ते संस्थांवर. हिवऱ्यात शुकदास महाराजांनी 1965 मध्ये विवेकानंद आश्रम उभा केला. विवेकानंद जयंतीला इथे पुरी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती बसतात, ट्रॅक्टरवरून वाढावं लागतं. लाखोंना जेवू घालणारं हे गाव आहे. चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला पालवे दांपत्याचा सेवासंकल्प प्रकल्प रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणून धुतो, पुसतो, सांभाळतो. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण सगळ्या जिल्ह्याचं दुखणं एका दांपत्याच्या पदरात टाकून आपण मोकळं व्हायचं, हे बरं नाही.

एकटं असणं हा गुन्हा नाही आणि योजनेची अपात्रताही नसावी. तालुक्याच्या गावी पंधरा-वीस खाटांचा, बारमाही, बायांसाठी वेगळ्या खोलीचा निवारा काढायला फार काही लागत नाही. पटसंख्येअभावी रिकाम्या पडलेल्या शाळाखोल्या आहेत, जुनी ग्रामपंचायत कार्यालयं आहेत. एक राखणदार, एक रांधणारी बाई, पाणी आणि वीज, एवढ्यावर तो चालेल. ज्याला घरकुल हवं, त्याचं बांधकाम ग्रामपंचायतीने स्वतः करून द्यावं, हप्त्यांच्या मागे त्याला पळवू नये. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. आधी आपल्या गावात पारावर, देवळात, स्टँडवर कोण निजतं त्याची यादी करा, आणि ती वाचून दाखवा.